कुत्री आणि कासविणीची अंडी

फार वर्षांपूर्वी खाडीच्या मुखाशी दहा-बारा घरांचा एक कोळीवाडा होता. तिथे नुकतीच व्यालेली एक कुत्री राहायची. वादळामुळे आठ दिवस होड्या बाहेर गेल्या नव्हत्या. मासळीचं एक डोकंही तिला मिळेना आणि तिचं दूध आटत चाललं.

एका पहाटे तिला वाळूत अंडी घालणारी कासवीण दिसली.

"तू गेलीस की मी ही अंडी खाणार," कुत्री म्हणाली. "माझी चार पिल्लं उपाशी आहेत."

कासवीण अंड्यांवर वाळू लोटत राहिली. "मी तुला अडवू शकत नाही. मला जमिनीवर राहता येत नाही. माझी आईही अशीच अंडी घालून समुद्रात गेली. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही."

ती पाण्यात शिरली. कुत्रीने वाळू उकरली. अंडी ओली होती आणि तिच्या पिल्लांच्या पोटासारखी मऊ होती. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने अंडी पुन्हा झाकली आणि चांगुणा कोळणीच्या दारात जाऊन बसली.

"माज्याकडं तरी काय हाय गं?" चांगुणा म्हणाली, आणि आपल्या वाडग्यातली अर्धी पेज तिच्यापुढे ओतली.

वादळ सरलं, होड्या पुन्हा जाऊ लागल्या. कुत्री मात्र रोज त्या वाळूपाशी येऊन बसायची. दीड महिन्याने वाळू हलली आणि इवली इवली कासवं बाहेर आली. कावळे झेपावले, तशी ती भुंकत त्यांच्यावर धावून गेली.

कासवाचं एक पिल्लू तिच्या पायाशी थांबलं. "तूच का आमची आई?"

"नाही रे," कुत्री म्हणाली. "ती पाण्यात आहे. तू जा, मी इथे उभी आहे."