मधला चौकोन

"मधल्या चौकोनात भगवा घालू की पांढरा, महाराज?"

भुजंगबुवा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा पद्माकर. बार्शीच्या एका मोठ्या कापड-दुकानदाराचा थोरला मुलगा, दोन वर्षांपूर्वी सगळं सोडून करंजवाडीच्या मठात आलेला. सगळं म्हणजे, तोरा सोडून बाकीचं.

मठाचा नियम साधा होता. ज्याला दीक्षा हवी त्याने घरोघर फिरून जुन्या कापडाची भिक्षा मागायची, त्याची गोधडी शिवायची आणि तिच्यावरच बसून मंत्र घ्यायचा. पद्माकरची दीक्षा परवा होती.

त्याने गोधडी अंगणात पसरली. अस्तर लावायचं राहिलं होतं, पण वरची बाजू देखणी झाली होती. खोटं कशाला बोला. उभे नऊ, आडवे नऊ, वीत-वीतभराचे चौकोन. कडेने आमसुली, मग डाळिंबी, मग गुलबक्षी, मग अबोली. आणि मधोमध एक चौकोन रिकामा.

"आधी कागदावर आखलं, मग कापड मागायला निघालो," पद्माकर म्हणाला. "गडदाकडून फिक्याकडे. नऊ ओळी म्हणजे नवविधा भक्ती. अशी गोधडी या मठात आजवर कुणी शिवली नसेल."

"नाही शिवली."

पद्माकर फुलला.

"सगळी घरं झाली?" बुवांनी विचारलं.

"एकही सोडलं नाही."

"आणि सगळ्यांनी तुझ्या कागदावरचेच रंग दिले?"

"बहुतेकांनी दिले. एक तेवढं बसत नव्हतं, ते परत केलं. अगदी नम्रपणे."

बुवांचा हात सुपात थांबला.

"काय परत केलंस?"

"सरूबाई कुंभारणीने दिलेलं धोतर. तिच्या मालकाचं होतं म्हणे. चाकाशी बसून बसून मातीने पार तपकिरी झालेलं. तपकिरीला जागाच नव्हती, महाराज."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"मध्ये तेच घाल."

पद्माकरने गोधडीकडे पाहिलं. अबोलीच्या मधोमध ते मातकट फडकं! पण दीक्षा हवी होती. तो निमूट कुंभारवाड्याकडे गेला.

तासाभराने परत आला तो हात हलवत.

"देत नाही म्हणते."

"काय म्हणाली?"

पद्माकर खाली बघून सांगू लागला. "म्हणाली, 'मालक गेल्यावर त्येंचं तेवढंच ऱ्हायलं हुतं. देवाच्या कामी लागंल म्हून मन घट्ट करून दिलं. तुमी रंग बघून परत केलंसा. आता न्हाई द्यायची.'"

"खरं आहे तिचं."

"मग मी भगवाच घालतो. आहे माझ्याकडे."

"नको."

"अहो, पण मग दीक्षा...? परवा सगळं गाव येणार. भोक पडलेल्या गोधडीवर बसू? हसं होईल माझं!"

बुवा उठले. त्यांनी गोधडी उचलली, दोनदा झटकली.

"खाली बस."

पद्माकर गुडघे टेकून बसला. दीक्षा आजच देतात की काय, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. त्याने डोळे मिटले, हात जोडले.

बुवांनी गोधडी त्याच्या डोक्यावरून टाकली. वरून चाचपत रिकामा चौकोन शोधला, आणि त्यातून पद्माकरचं डोकं बाहेर काढलं.

गोधडीची कफनी झाली. भोवती अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली. आणि मधोमध पद्माकरचं लालबुंद तोंड.

बुवा दोन पावलं मागे सरले. मान तिरपी करून त्यांनी नीट पाहिलं... मग खुंटीवरची झोळी काढून पद्माकरच्या खांद्याला अडकवली.

"आता रंग बसला. जा, पहिलं घर सरूबाईचं."