धुतलेलं इंजिन

“मग कधी उभी राहील गाडी, वस्ताद?”

समरजितनं पुन्हा विचारलं.  बाबगोंडा वस्ताद परातीकडे बघत होते.

परात स्टीलची, लग्नात जिलेबी ठेवतात तसली मोठी. तिच्यात पांढरं फडकं अंथरलं होतं आणि फडक्यावर मोटरसायकलचं आख्खं इंजिन सुटं करून मांडलं होतं. पिस्टन, रिंगा, ब्लॉक, क्रँक... सगळं पेट्रोलनं धुऊन, पुसून चकचकीत केलेलं. पूजा मांडावी तशी मांडणी.

वस्तादांचं घर जयसिंगपूरच्या कडेला, उसाला लागून. घराच्या पाठीमागं पत्र्याची शेड. ते काही दुकान नव्हे. पाटी नाही, दराचा फलक नाही. तरुणपणी वस्तादांनी डोंगरातल्या, चिखलातल्या शर्यती मारल्या. मग गुडघा गेला. तेव्हापासून ते तसल्याच शर्यतींच्या गाड्या दुसऱ्यांना तयार करून देतात. आमच्याकडे वस्ताद म्हणतात तो तालमीतल्या गुरूला. यांना कुणी म्हणायला सुरुवात केली कोण जाणे, पण ते नाव बसलं.

मी त्या शेडमधला कायमचा रिकामटेकडा. माझी स्कूटर तिथं दिवाळीपासून पडून आहे. तिची चौकशी करायची म्हणून रोज जातो, चहा पितो आणि चौकशी न करताच परत येतो.

समरजित वस्तादांचा पठ्ठा. पोरगा हुशार, हात बसलेला. पण चढेल. नट आवळतानाही कुणी बघतंय का ते आधी बघणार. मला तो फारसा आवडत नसे, हे सांगून टाकलेलं बरं.

त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

इंजिन त्याच्याच गाडीचं होतं. पण त्या गाडीवरून पडला तो सुहेल. सुहेल मुजावर, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गेल्या उन्हाळ्यात दोघं टेकडीवर सराव करायला गेले होते. सुहेल एक चक्कर मारायला निघाला. उतारावर मागचं चाक एकाएकी जाम झालं, गाडीनं त्याला भिरकावलं आणि त्याचा मणका मोडला. दवाखाने झाले, ऑपरेशनं झाली. आता तो घरी खाटेवर असतो. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

गाडी इतके दिवस समरजितच्या घरी ताडपत्रीखाली पडून होती. आणि आज हे असं परातीतून आलं.

“चालू करून द्या तेवढी,” समरजित म्हणाला. “सुहेलच्या खिडकीखाली नेऊन लावणार हाय. किक मारणार. आवाज ऐकला की बरं वाटंल त्याला.”

“त्यानं सांगितलं तसं?”

“...न्हाई. मला वाटतंय.”

वस्ताद स्टुलावर बसले. दुखरा पाय लांब केला.

“धुतलंस कशाला?”

त्या शेडचा एकच नियम आहे. इंजिन जसं थांबलं, तसं आणायचं. काजळीसकट, गाळासकट. डॉक्टरकडे जाताना जीभ घासून कोण जातं, असं वस्ताद म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. कुणी सुटे भाग धुऊन आणले की वस्ताद त्याला गेटवरूनच परत पाठवतात. आणि त्या गिऱ्हाइकावर सगळ्यात जोरात ओरडणारा कोण असायचा? हाच समरजित.

“तुमचे हात खराब व्हायला नकोत म्हणून,” तो म्हणाला.

वस्तादांनी आपले दोन्ही हात वर धरून त्याला दाखवले. रेघारेघांत ऑइल मुरलेलं, नखं काळीठिक्कर. त्या हातांना आता कुठलाही साबण लागू पडायचा नाही.

मला हसू आलं. समरजितला आलं नाही.

वस्तादांनी पिस्टन उचलला. उजेडाकडे धरून सावकाश फिरवला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याची एक बाजू चकाकत होती आणि दुसरी राखाडी पडली होती, पॉलिश पेपरनं घासल्यासारखी. त्यांनी तो खाली ठेवला. मग ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याच्यात वरखाली पळतो त्या नळकांड्यात, बोट घातलं आणि आतून नख फिरवलं. वरच्या कडेशी नख अडकलं. खट्ट आवाज मलाही ऐकू आला.

समरजित त्या बोटाकडे बघत होता.

“नवा पिस्टन टाकू,” वस्ताद म्हणाले. “ब्लॉक सांगलीहून आतून कातून, बोअर करून आणू. क्रँक बदलायलाच पाहिजे. गॅस्केट नवी. हुईल चालू.”

“हुईल?”

“न हुयाला काय झालं? इंजिनच हाय.”

समरजितनं श्वास सोडला. इतका मोठा, की कधीपासून कोंडून ठेवला होता कुणास ठाऊक. तोंडावर जरा रंग आला. त्यानं लगेच बाह्या सारल्या. “मी करतो सगळं. तुम्ही नुसतं बसून सांगा.”

वस्ताद उठले. लंगडत शेडच्या बाहेर गेले. मला वाटलं, चहाचं सांगायला गेले.

परत आले ते मूठ मिटून. परातीपाशी उभे राहिले, हात पुढं केला आणि मूठ सैल सोडली.

अंगणातली माती. वाळलेली, पिठासारखी बारीक. त्या पांढऱ्या फडक्यावर, त्या चकचकीत पिस्टनवर पडायला लागली.

“वस्ताद!”

समरजितनं त्यांचं मनगट धरलं. वस्तादांचा हात कुणी धरल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं.

“माती हाय ती!”

“व्हय.”

“सगळी आत जाईल!”

“जाऊ दे की.”

“जाऊ दे काय? डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुमचं? माती आत गेली की पिस्टन घासतोय, रिंगा जात्यात, क्रँकचं बेअरिंग खाऊन टाकती ती! आनि मग पळता पळता एकदम...”

तो थांबला.

मनगट अजून त्याच्या हातात होतं. मुठीतली उरलेली माती त्याच्याच बोटांवरून खाली सांडत होती.

“बोल की,” वस्ताद हळूच म्हणाले. “पळता पळता काय हुतंय?”

समरजितची नजर परातीवर गेली.

“पठ्ठा हायस माझा. तुला ठाऊक असणार.”

“...जाम हुतंय. इंजिन. आनि त्याच्याबरोबर मागचं चाक.”

 बाहेर उसाकडून टिटवी ओरडली.

“आनि माती आत येऊ ने म्हणून गाडीला काय असतंय?”

हा तर पोरासोरांना विचारायचा प्रश्न. इंजिन हवा ओढतं, त्या वाटेवर तेलात भिजवलेला फोमचा फिल्टर असतो. हवा आत जाते, धूळ बाहेर राहते. काही पोरं तो काढून टाकतात. गाडी मोकळा श्वास घेते, चार पावलं जास्त पळते. वस्ताद असल्या पोरांना शेडमध्ये पाय ठेवू देत नाहीत.

“फिल्टर,” समरजित म्हणाला.

“तुझा कुठं हाय?”

“...माळ्यावर.”

“कधीपासनं?”

समरजितनं मनगट सोडलं. तो खाली बसला, जमिनीवरच, ऑइलच्या डागांवर. एरवी पँटची घडी मोडू न देणारा पोरगा.

“उन्हाळाभर तशीच पळवली, वस्ताद. जोरात जात हुती. शेवटी शेवटी इंजिनचा आवाज बदलला हुता. कळलं हुतं मला. म्हटलं, एवढी शर्यत हू दे, मग उघडू. आनि त्या दिवशी सुहेल म्हणला, मी एक चक्कर मारू का...”

“मग?”

“म्हटलं, मार.”

“आवाजाचं सांगितलंस?”

त्यानं मान हलवली. नाही.

“परवा इंजिन उघडलं,” तो पुढं म्हणाला. “आत सगळी मातीच माती. खोलीचं दार लावून घेतलं आनि धुतली. पुन्हा पुन्हा धुतली.”

मला त्याचा संताप आला. उठून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आणि त्याच वेळी, दार लावून एकटाच पिस्टन घासत बसलेला तो डोळ्यांपुढं आला. मी होतो तिथंच बसून राहिलो.

“सुहेल काय म्हणतोय?” वस्तादांनी विचारलं.



“त्याला वाटतंय, त्याचाच पाय ब्रेकवर जोरात पडला. त्यानंच चाक जाम केलं. मी गेलो की रोज तेच काढतो. ‘किती हलका दाबायला पाहिजे हुता रे? तू असतास तर कसा दाबला असतास?’ आख्खा उतार परत परत सांगतो. कुठं वळला, कुठं दगड हुता...”

“आनि तू काय म्हणतोस?”

समरजित पँटवरचा ऑइलचा डाग पुसायला लागला.

“काय म्हणतोस, लगा?”

“म्हणतो, जाऊ दे. हुतं असं.”

मी मान खाली घातली. कारण सुहेलला बघायला मीही गेलो होतो. त्यानं मलाही ब्रेकचं सांगितलं होतं, आणि मी मोठ्या शहाणपणानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालो होतो, बाळा, चूक कुणाच्याही हातून होते. तो ‘हो काका’ म्हणाला होता. मला माझंच वाक्य आठवून शिसारी आली.

समरजितनं डोळे पुसले. उठला. परातीतल्या फडक्याचं टोक धरून मातीचे कण झटकायला लागला.

“आधी इंजिन करू, वस्ताद. आजच लागू या. गाडी चालू झाली की ती घिऊन जातो आनि तिथंच सांगतो सगळं. रिकाम्या हातानं कसा जाऊ त्याच्यापुढं?”

वस्तादांनी त्याच्या हातातलं फडक्याचं टोक सोडवून घेतलं. परातीतला पिस्टन उचलला. माती पुसली नाही. तसाच त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

“रिकाम्या कशाला?”

समरजित त्या मुठीकडे बघत राहिला.

“तोंड बघणार न्हाई तो माझं.”

“नसंल बघत.”

“त्याचे अब्बा दारात उभं करणार न्हाईत.”

“नसतील करत.”

“गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई.”

 वस्तादांनी भिंतीवरचा पाना काढला, पुसला, परत जागेवर लावला.

तेव्हा समरजित चिडला. आवाज चिरका झाला त्याचा. “आनि सांगून काय हुणार हाय, वस्ताद? सांगा की! मी सांगितलं म्हणून त्याचे पाय येणार हैत का परत?”

खरं सांगतो, त्या घडीला मला त्याचं पटलं. जे मोडलं ते मोडलं. एक घर दुःखात आहेच, आता दुसरंही कशाला ओढायचं? मी वस्तादांकडे बघितलं. मला वाटलं, आता यांच्यापाशीही बोलायला काही उरलं नसणार.

 वस्तादांनी शेडचं दार पुरतं उघडलं आणि बाजूला सरून उभे राहिले.

“न्हाईत येणार,” ते म्हणाले. “पण ज्या पायात जीव न्हाई, त्या पायानं पोरगं रोज ब्रेक दाबतंय. जा... सोडव त्याला.”