खिरीतला काढा

एकदा एक अत्तराचा व्यापारी तापाने फणफणलेल्या अवस्थेत घाट उतरून आला आणि पायथ्याच्या शुश्रूषालयात येऊन पडला. पडला म्हणजे अक्षरशः पडला, तोही उंबऱ्यावरच. जवळ कापडात गुंडाळलेली अत्तराची पेटी होती आणि शुद्ध हरपतानाही ती त्याने छातीशी घट्ट धरली होती. लोकांनी त्याला उचलून खाटेवर निजवले, पेटी उशाशी ठेवली आणि त्याची सेवा गोदा नावाच्या शिष्येकडे सोपवली.

त्या शुश्रूषालयात सेवा शिकायला आलेल्या मुलींमध्ये गोदा सर्वांत तरबेज होती. तिने बांधलेली पट्टी सुटत नसे आणि तिच्या रुग्णाची औषधाची वेळ कधी चुकत नसे. या दुसऱ्या गोष्टीचा तिला थोडा अभिमानही होता, आणि खरे सांगायचे तर तो असायला हरकत नव्हती. शुश्रूषालय चालवणाऱ्या वृद्धेला सगळे थोरल्या बाई म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी आजारी माणसे उठवली, बसवली, पुसली आणि काहींना शेवटचे पाणीही पाजले. त्या फार बोलत नसत. शिकवत तेही हातांनीच.

वैद्यांनी व्यापाऱ्याची नाडी पाहिली आणि कडू मुळ्यांचा काढा सांगितला. दिवसातून एक वाटी, असे सात दिवस. या काढ्याने ताप हटकून उतरे, पण त्याची एक खोड होती. तो घेणाऱ्याचे नाक बधिर होई. कुणाचे महिन्याभरात पूर्ववत होई, कुणाचे अर्धेमुर्धे, तर कुणाचे कायमचेच जाई. गोदाला हे ठाऊक होते. पण समोर माणूस तापाने भाजून निघत असताना त्याच्या नाकाचा विचार कोण करतो?

व्यापाऱ्याने वाटी पाहिली आणि तोंड फिरवले.

"नको," तो म्हणाला.

"काका, दोन घोट तर घ्या. डोळे मिटून गिळून टाका."

"नको म्हटलं ना, पोरी. दुसरं काय हवं ते दे."

तीन दिवस हेच चालले. गोदाने गोड बोलून पाहिले, रागावून पाहिले, शेजारच्या खाटेवरच्या पाय मोडलेल्या गाडीवानाकडूनही चार शब्द सांगवून पाहिले. व्यापारी ओठ मिटून पडून राही. एक दिवसाआड दुपारी ताप चढे आणि प्रत्येक खेपेला त्याला आणखी पिळून काढी. चौथ्या दिवशी वैद्य बाहेर येऊन हळूच म्हणाले, "असाच ताप आणखी दोनदा चढला तर हा माणूस हाती लागायचा नाही."

गोदाच्या हातून अजून एकही रुग्ण गेला नव्हता. ती तडक स्वयंपाकघरात गेली. तिने रव्याची खीर केली, गूळ नेहमीपेक्षा दुप्पट घातला, सढळ हाताने वेलदोडे कुटून टाकले आणि काढ्याची वाटी त्यात रिकामी केली.

व्यापाऱ्याने खीर खाल्ली. बोट लावून वाटी पुसलीसुद्धा. "तुझ्या हाताला चव आहे, पोरी," तो म्हणाला. "तापानं जिभेला कडवटपणा आलाय, पण खीर मात्र झकास."

गोदाने रिकामी वाटी घाईघाईने उचलली. चार दिवस, चार वाट्या खीर. ताप उतरला. व्यापारी उशीला टेकून बसू लागला. वैद्यांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली आणि गोदाला इतका आनंद झाला, की आपली युक्ती तिने आपणहून थोरल्या बाईंना सांगितली.

थोरल्या बाई घड्या घालत होत्या. हातातली चादर त्यांनी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी खीर घेऊन त्या स्वतः गेल्या. ताटात दोन वाट्या होत्या. एकीत खीर, दुसरीत काढा. व्यापाऱ्यासमोर ताट ठेवून, गोदा शेजारी उभी असताना, त्या म्हणाल्या, "या खिरीत औषध नाही. गेल्या चार दिवसांच्या खिरीत होतं. आम्ही तुम्हाला न सांगता दिलं. आमचं चुकलं."

व्यापाऱ्याने दोघींकडे पाहिले. मग त्याने उशाची पेटी उघडली, एक कुपी काढली, बूच काढून नाकाशी धरली. पुन्हा धरली. दुसरी कुपी काढली. शेवटी ती शेजारच्या गाडीवानापुढे करून त्याने विचारले, "वास येतोय का हो?"

"येतोय म्हणजे काय! केवडा! घमघमाट सुटलाय नुसता!" गाडीवान उत्साहाने म्हणाला.

व्यापाऱ्याने कुपीचे बूच लावले. दोन्ही वाट्या हाताने दूर सारल्या आणि भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला.

त्या क्षणापासून त्याने शुश्रूषालयातल्या कुणाच्याही हातचे खाल्ले नाही. पाणीदेखील गाडीवानाच्या तांब्यातले, गाडीवानाने आधी प्यायल्यावर. गोदाने पुढे केलेली पेज, दूध, नुसती साखर, सगळे तसेच परत गेले. एक दिवस गेला, दुसरा गेला. नुकताच तापातून उठलेला देह तो. गाल बसले, डोळे आत गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोदाचा बांध फुटला. थोरल्या बाई विहिरीवर पट्ट्या धूत होत्या, तिथे जाऊन ती उभी राहिली. "तुम्ही सांगितलं नसतं तर आणखी तीन दिवसांत ते बरे होऊन घरी गेले असते!" ती म्हणाली. "मी त्यांना वाचवलं होतं. तुमच्या खरं बोलण्यानं ते आता मरतील."

थोरल्या बाईंनी हातातली पट्टी पिळून दोरीवर टाकली आणि धुण्याच्या दगडावर तिला जागा करून दिली.

"तुला त्यांना वाचवायचं होतं, हे मी कधीच नाकारणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या सांगण्यानं त्यांचा विश्वास गेला, असं तुला वाटतं. तो पहिल्या वाटीलाच गेला होता, गोदे. त्यांना फक्त परवा कळलं. आजारी माणूस आपल्यापुढे तोंड उघडतो, ते आपण हुशार म्हणून उघडत नाही. चमच्यात काय आहे ते आपण त्याला सांगितलेलं असतं, म्हणून उघडतो. सातांतल्या चार वाट्या तू त्यांना न विचारता दिल्यास. त्या काही परत घेता येत नाहीत. पण तीन उरल्या होत्या. त्या घ्यायच्या की नाही, हे अजून त्यांना ठरवता येत होतं. मी गप्प बसले असते तर त्याही आपणच ठरवल्या असत्या. ते बरे होऊन घरी गेले असते, पेटी उघडली असती आणि नाक गेलं म्हणून नशिबाला बोल लावत बसले असते. कुणावर रागवायचं, एवढंसुद्धा आपण त्यांच्याकडे ठेवलं नसतं."

"आणि ते गेले तर?"

"तर मी रडेन. आणि जन्मभर मला टोचत राहील." थोरल्या बाईंनी दुसरी पट्टी उचलली. "तीन दिवस ते नको म्हणत होते. का नको, हे तू विचारलं नाहीस. तुला एकटीला काय बोलू? मीही विचारलं नाही. मला वाटलं, हट्टी आहेत. उशाला अत्तराची पेटी रोज दिसत होती, तरी विचारलं नाही."

गोदाने डोळे पुसले. मग उठली आणि पेटवलेली शेगडी उचलून थेट व्यापाऱ्याच्या खाटेशी घेऊन आली. पुढे भांडे, रवा, गूळ, दूध, सगळे मांडले. गाडीवान कोपरावर रेलून पाहू लागला.

"काका, मी फसवलं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही मराल अशी भीती वाटली, पण ती माझी भीती होती. तुम्हाला विचारायला हवं होतं. ते आत्ता विचारते. औषध का नको होतं?"

व्यापारी भिंतीकडेच पाहत होता. रवा भाजून झाला, दूध पडले, उकळी आली. तेव्हा कुठे तो बोलला.

"माझ्या वडिलांना असाच ताप आला होता. हाच काढा दिला. वाचले ते. पुढे चौदा वर्षं दुकानात बसले, पण गुलाब कुठला नि वाळा कुठला, ओळखता यायचं नाही. मी कुपीवरची चिठ्ठी वाचून दाखवायचो. गिऱ्हाईक आलं की ते मान हलवायचे, जणू काही वास आलाच आहे. मी बारा वर्षांचा होतो. त्यांची ती मान मला आजही दिसते."

"हे वैद्यांना का नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले असते, जीव मोठा की नाक? मग पुढे काय बोलणार?" तो तिच्याकडे वळला. "मला काही मरायची हौस नव्हती, पोरी. तू विचारलं असतंस, बसून दोन गोष्टी बोलली असतीस, तर कदाचित मीच वाटी मागून घेतली असती. घेतली असती की नसती, ते आता मलासुद्धा कधी कळणार नाही."

गोदाला रडू आवरेना. ती तशीच खीर ढवळत राहिली.

खीर वाटीत ओतल्यावर व्यापाऱ्याने चमचा बुडापर्यंत फिरवला, वर उचलून उजेडात धरला, जिभेच्या टोकाला लावला. मग हळूहळू वाटी संपवली. काढ्याची वाटी गोदाने समोरच्या फळीवर, त्याला दिसेल अशी झाकून ठेवली. ती घ्या असे ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप परत चढला. गोदा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. वाटी हातभर अंतरावर होती आणि व्यापाऱ्याला धड भान नव्हते. दोन चमचे पाण्यात मिसळून पाजायचा अवकाश, त्याला कळलेही नसते. तिचे हात दोनदा फळीकडे गेले आणि दोनदा मागे आले. शिकाऊपणाच्या साऱ्या काळात इतके जड काम तिने केले नव्हते. थोरल्या बाई पलीकडच्या खाटेशी होत्या. त्या सगळे पाहत होत्या, पण जवळ आल्या नाहीत.

दिवस कलताना व्यापाऱ्याला जरा शुद्ध आली. "दे ती वाटी," तो म्हणाला.

गोदाने वाटी उचलली, पण लगेच हातात दिली नाही. "काका, यानं उरलंसुरलं नाकही जाईल कदाचित."

"परत येईल?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"वैद्य म्हणतात, असा आणखी एक ताप तुम्हाला झेपणार नाही. मलाही तसंच वाटतं."

व्यापाऱ्याने डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. वाटी त्याने स्वतः तोंडाला लावली. काढा इतका कडू होता की त्याचा चेहरा पार वाकडा झाला, पण त्याने शेवटचा थेंबही ठेवला नाही. पुढचे दोन दिवस उरलेल्या दोन वाट्याही त्याने मागून घेतल्या.

तो बरा झाला. निघण्याच्या दिवशी सकाळपासून तो पेटी उघडून गाडीवानाला एकेक फाया हुंगायला देत होता. शेवटी सवयीच्या हातांनी गुलाब, वाळा अशा तीन-चार कुप्यांतले थेंब एका कापसाच्या फायावर घेऊन त्याने मिश्रण केले. नाकाशी धरले. काहीच कळले नसावे, कारण त्याची मान किंचित खाली गेली. त्याने फाया गाडीवानाला दिला.

"झकास!" गाडीवान म्हणाला. "असं अत्तर राजालाही मिळायचं नाही."

व्यापाऱ्याने फाया गोदापुढे धरला. तिने वास घेतला. तिला अत्तरातले फारसे कळत नव्हते, पण फायात वाळाच वाळा होता, गुलाब कुठे लागतच नव्हता. मागे कसलासा उग्र दर्प होता. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. ते डोळे फार आशेने तिच्याकडे लागले होते. त्या माणसाला निरोप देताना एक गोड शब्द बोलायला तिचा जीव तळमळला.

"जमलं नाही, काका," ती म्हणाली. "वाळा फार झालाय. गुलाब दबलाय. आणि उग्र वाटतंय."

गाडीवानाने जीभ चावली. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले आणि तो चक्क हसला.

"हे गाडीवान सकाळपासून प्रत्येक फायाला झकासच म्हणतायत," तो म्हणाला. "वडिलांना मीही तेच म्हणायचो." त्याने फाया दोन बोटांत चुरगळला, पेटी बंद केली. "पोरी, वाटेत भूक लागेल. सकाळची खीर उरली आहे का?"

गोदाने आत जाऊन वाटी भरून आणली. थोरल्या बाई दारात उभ्या होत्या.

व्यापाऱ्याने वाटी घेतली. या वेळी त्याने चमचा बुडापर्यंत फिरवला नाही, उजेडात धरला नाही. वाटी गोदाच्याच हातात परत दिली, डोळे मिटले आणि लहान मुलासारखे तोंड उघडले.

"भरव," तो म्हणाला.