टिटवीच्या थेंबाचे टवके

त्या राज्यात कुणाला चेहरे लक्षात राहत नसत. भांडणं, मानपान आणि नियम सगळ्यांना तोंडपाठ असत, पण आई कशी दिसायची किंवा पहिल्या विणीतलं पिल्लू मान कशी वेळावायचं, असं विचारलं की चांगले मोठमोठे पक्षीही विषय बदलून वाऱ्याबद्दल बोलू लागत. सकाळी पाहिलेलं संध्याकाळी पुसट व्हायचं आणि ऋतू पालटला की पार निघून जायचं.

यावर तोड होती ती डिंकाची. ऐन उन्हाळ्यात माळावरच्या धावड्याच्या झाडांना डिंक सुटे. त्याचा ताजा थेंब पायात धरून एखाद्या गोष्टीसमोर निश्चल उभं राहिलं, की थेंब वाळता वाळता समोरचं सगळं आपल्या पोटात घेई. मग तो उन्हात धरला की आतलं दृश्य जमिनीवर उमटे, जसंच्या तसं. डिंक वर्षातून एकदाच सुटायचा, त्यामुळे जो क्षण हुकला तो हुकला.

माळावर राहणाऱ्या टिटवीला त्या वर्षी उशिरा पिल्लू झालं. तिने त्याचं नाव ठेवलं ठिपकी. ठिपकी अंड्यातून बाहेर आली ती भर उन्हाच्या दिवसांत. टिटव्यांचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचे चार खडे. त्याला ना छप्पर, ना आडोसा. टिटवी दिवसभर पिलावर सावली धरून उभी असायची. पोट ओलं करून यायची, परत सावली धरायची आणि उरलेल्या वेळात काळजी करायची. घार आली तर? मुंगूस आलं तर? काहीच आलं नाही आणि ती उगाचच ओरडली, तर शेजारी काय म्हणतील? शेजारी आधीच म्हणत होते की टिटवी ओरडली की कुणीतरी मरतं.

पहिल्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी, टिटव्याने तिला डिंकाचा एक थेंब आणून दिला. एका पायावर उभी राहून, दुसऱ्यात थेंब धरून, पिलावरची सावली जराही न हलू देता तिने तो वाळवला. ठिपकी मात्र स्वस्थ बसेल तर ना! डोक्यावर अंड्याचं टरफल टोपीसारखं घेऊन ती नेमकी त्याच वेळी पहिलं पाऊल टाकायला गेली आणि कलंडली.

थेंबात ते सगळं आलं. कलंडलेली ठिपकी, टरफलाची टोपी, तिरका झालेला माळ, कडेला बकरीच्या दोन लेंड्या, आणि या सगळ्यावर आडवी पडलेली टिटवीची सावली, मान वाकवलेली.

"छान आलंय की," टिटवा म्हणाला.

"तुम्हाला काय, सगळंच छान दिसतं," टिटवी म्हणाली. नवऱ्याने केलेल्या कौतुकाला बाजारात किंमत नसते, हे तिला माहीत होतं. तरी दिवसातून चार वेळा ती थेंब उन्हात धरून बघायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हे कुणालातरी दाखवायला हवं. कळणाऱ्या कुणालातरी.

कळणारे जमायचे नदीकाठच्या मोठ्या कातळावर. त्या जमण्याला थेंबसभा म्हणत. कातळाला छातीएवढ्या उंचीवर एक लांब कपार होती. सभेने पसंत केलेले थेंब त्या कपारीत बसत आणि पाऊसपाण्यापासून सुरक्षित राहत. बाकीच्यांचे थेंब घरट्याघरट्यांतून पहिल्याच पावसात विरघळायचे. म्हणून कपारीत जागा मिळणं ही नुसत्या मानाची गोष्ट नव्हती. टिटवीच्या घरट्याला तर छप्परही नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता.

सभेचा एक जुना रिवाज होता. तिथे नुसती नावं ठेवायची नाहीत. ज्याला जे खटकेल, ते त्याने आपल्या चोचीने टवका काढून दूर करायचं. थेंब आणणाऱ्याने मान लववून "आभारी आहे" म्हणायचं. टवके कातळाच्या उतारावरून खाली घरंगळत. खाली वाकून बघणं शिष्टाचारात बसत नसे.

टिटवी गेली त्या दिवशी सभा भरात होती. तिने थेंब मधोमध ठेवला आणि तो ठेवताक्षणीच तिला वाटलं, उचलावा आणि पळावं.

"कुठल्या झाडाचा डिंक?" कावळ्याने पहिला प्रश्न केला. कावळा स्वतः डोंगरापलीकडून तीन जातींचा डिंक आणत असे. त्या डिंकाविषयी तो तासन्‌तास बोले. त्यात काय टिपलं, हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"धावड्याचा," टिटवी म्हणाली.

"साधाच धावडा?"

"साधाच."

"हं," कावळा म्हणाला, आणि त्या एका 'हं'ने टिटवी निम्मी झाली.

"अय्या, अप्रतिम!" साळुंकी ओरडली. तिने अजून थेंब पाहिला नव्हता. "कमालच केलीस गं! माझा पण बघ हं नंतर. आणि सांग काय ते, अगदी मनमोकळं सांग."

मग खंड्या पुढे झाला. झेप, सूर, नेमका क्षण, यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. "बाई, क्षण चुकलाय," तो म्हणाला. "पिल्लू पडण्याआधी तरी घ्यायचं किंवा पडल्यावर तरी. हे अधलंमधलं काय? पाय तर नुसता फराटा दिसतोय." त्याने टक्‌ करून ठिपकीचा हललेला पाय काढून टाकला.

"आभारी आहे," टिटवी म्हणाली. पाय फराटा होता, हे खरंच होतं. पंचाईत तीच होती. ते काही खोटं बोलत नव्हते.

सुतारपक्ष्याला लेंड्या सहन झाल्या नाहीत. "कडा स्वच्छ हव्यात," असं म्हणत त्याने अशा सफाईने टोचा मारला की सभेने माना डोलावल्या. लेंड्या गेल्या. मग त्याला टरफलही खुपू लागलं. "नजर तिकडे जाते हो, पिलावरून हलते." पण टरफल पिलाच्या डोक्यावर होतं. ते वेगळं काढायचं, तर मान तोडावी लागणार होती. सुतार थोडा घुटमळला, मग कारागिराला साजेशा निर्धाराने त्याने पिल्लूच काढलं आणि टरफल ठेवलं. टरफलाची गोलाई, त्याच्या मते, सुरेख होती.

"आभारी आहे," टिटवीने म्हटलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. 'पण तेच तर माझं...' असं काहीतरी तिच्या चोचीवर आलं होतं. मग तिला वाटलं, या एवढ्या जाणत्यांपुढे आपण काय बोलायचं? आईला काय, आपलं लेकरू मधोमधच दिसणार. कदाचित चित्राला लेकराची गरज नसेलही.

शेवटी बगळा आला. बगळेबुवांसाठी सगळे बाजूला सरले. कपारीत सर्वांत वरच्या जागी त्यांचाच थेंब होता: रिकामं पाणी आणि त्यात एक लव्हाळं. त्याच्यापुढे उभे राहून तरुण पक्षी उसासे टाकत. बुवांनी एक डोळा मिटला, मान लांब केली, आखडती घेतली.

"माळ वाकडा आहे."

"हो बुवा. मी एका पायावर होते."

"मीही एकाच पायावर असतो," बगळा म्हणाला. सभा हसली. "टिटवीबाई, झोपताना पाय वर करून तुम्ही म्हणे आभाळ पेलता. एक थेंब सरळ पेलवला नाही?"

सभा पुन्हा हसली. टिटवीही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

बगळ्याने वरून एक आणि खालून एक लांब टवका काढून माळ सरळ केला. मग तो थबकला. "आणि ही काय, सावली? तुमचीच ना? ही तर पहिली चूक, नवख्यांची. टिपणाऱ्याने कधी दिसू नये. तुम्ही मध्ये आलात, बाई."

"ऊन फार होतं," टिटवी पुटपुटली.

"उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं की असंच होणार. बाजूला सरकायचं होतंत."

बाजूला सरकले असते तर, असं ती म्हणणार होती. पण तोवर चोच उतरली होती. सावलीचा टवका सगळ्यांत मोठा निघाला. तो उतारावर पडला, एकदा उडाला आणि खाली दिसेनासा झाला.

उरला तो वाटाण्याएवढा, नितळ, गोल मणी. त्यात स्वच्छ वाळू होती आणि तिच्यावर अर्धं टरफल. मग बगळ्याने मान एकदाच खाली केली आणि सुताराने मणी उचलून कपारीत बसवला. साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. टिटवीचं अभिनंदन झालं. कावळासुद्धा म्हणाला, "साध्या धावड्याच्या मानाने बरंच."

त्या दिवशी टिटवी हवेत चार बोटं वर चालत घरी आली. टिटव्याला सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कोण कसं हसलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आणि ठिपकी?"

"ठिपकी काय?"

"नाही, म्हणजे, त्यात ठिपकी कुठे आहे?"

"तुम्हाला नाही कळायचं ते," ती म्हणाली.

दिवस जात राहिले. ठिपकीची लव झडली, पाय लांब झाले, ती डबक्यात उतरून किडे टिपू लागली. एका सकाळी टिटवीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्या दिवशीची ठिपकी आठवून बघितली. काही आलं नाही. टोपीसारखं काहीतरी होतं, एवढं आठवलं. टोपीच्या खाली काय होतं, ते पुसून गेलं होतं.

त्या दुपारी, सगळे पक्षी सावलीला पेंगत असताना, टिटवी कातळाकडे गेली. ठिपकी डबक्यातून निघून ओल्या अंगाने मागोमाग आली. कपारीपाशी टिटवी थांबली नाही. उताराला वळसा घालून ती खाली गेली, जिथे कुणी बघत नसे.

तिथे टवक्यांचा ढीग होता. किती वर्षांचा, कुणास ठाऊक. कातळाच्या ओठाखाली पाऊस पोचत नव्हता, त्यामुळे सगळे टवके शाबूत होते. उन्हाची एक तिरीप त्यांच्यातून जात होती आणि जमिनीवर असंख्य तुकडे उमटले होते: कुणाचा हललेला पंख, कुणाची उघडी चोच, पाठमोरी शेपटी, एक हसू, मागे चुकून आलेला कुणीतरी म्हातारा होला.

आणि त्या ढिगात, एका पायावर उभा राहून, बगळा एकेक टवका चोचीने उलटत होता.

दोघंही दचकली. बगळ्याने मान आखडली, लांब केली. मग पळून जाण्याइतकं ऊन सौम्य नाही असं ठरवल्यासारखा तो पुन्हा शोधू लागला.

"काय हरवलंय, बुवा?" टिटवीने हळूच विचारलं.

"माझ्या थेंबात, त्या लव्हाळ्याशेजारी, कुणीतरी उभं होतं," बगळा म्हणाला. "ओळीत बसत नव्हतं, म्हणून काढलं. मीच काढलं. आमच्या वेळच्या बुवांनी नुसतं बोट दाखवलं होतं."

"कोण होतं?"

बगळ्याने एक टवका उन्हात धरला, पाहिला, बाजूला ठेवला. "तेच तर आठवत नाही," तो म्हणाला.

टिटवी त्याच्या शेजारी बसली. दोघं टवके उलटत राहिली. ठिपकीचा पाय सापडेना, डोकं सापडेना. टिटवी लेंड्यांपर्यंत पोचली आणि तिला हसूच आलं. एवढ्यात बगळ्याने एक मोठा, सावलीचा टवका उचलून तिच्यापुढे ठेवला.

"हा तुमचा," तो म्हणाला. मग सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "वाकडाच आहे." आणि तो परत आपल्या ढिगाकडे वळला.

टिटवी टवका उचलणार, तोच मागून धावत आलेली ठिपकी घसरली आणि सगळ्या ढिगावर बसकण मारून पडली. ओल्या पिसांना डिंक धरला. ती उठली, अंग झटकलं, दोनचार टवके गळाले. मोठा तेवढा शेपटीशी चिकटून राहिला.

"आई, मी त्या पलीकडच्या चढावर जाऊ?" ठिपकीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघालीसुद्धा.

पलीकडच्या चढावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. घार आली तर? टिटवीने ओरडायला चोच उघडली. मग मिटली.

ठिपकी उघड्या माळावर पोचली होती. ऊन तिच्या पाठीवर पडत होतं आणि शेपटीच्या टवक्यातून आरपार जात होतं. ती धावली की तिच्या सावलीखेरीज जमिनीवर आणखी एक सावली धावे. ती थांबली की थांबे. आणि किडा टिपायला ती वाकली, तेव्हा तिच्यावर आधीच कुणीतरी मान वाकवून उभं होतं.