शेवंताअक्काची कोळशाची शेगडी

वीजकेंद्राचे मुख्य अभियंता बोंडेसाहेब कोळशाचे भारी अभिमानी. कोळशासोबत जाळायला बायांच्या गटाने तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, दाबून केलेल्या गोळ्या पाठवल्या, तर साहेबांनी ट्रक फाटकावरूनच परतवून लावला. म्हणाले, "काडीकचऱ्याच्या जाळात कसला दम?"

गट होता त्यांच्या थोरल्या बहिणीचा, शेवंताअक्काचा. रविवारी तिने भावाला शेतावर भरीत खायला बोलावलं आणि वांगी चक्क कोळशाच्या शेगडीवर ठेवली.

साहेब कळवळले, "अक्का, कोळशावर कुठे भरीत होतं? तुराट्या पेटव! त्या जाळाशिवाय वांगं आतपर्यंत भाजत नाही."

"नको रे बाळू," अक्का शांतपणे वारा घालत म्हणाली, "त्या जाळात दम नसतो. वीजकेंद्राचे मोठे साहेब सांगतात, ते खोटं कसं असेल?"

साहेबांना हसू आवरेना. "ट्रक उद्या पाठव, अक्का. तुराट्या मात्र आत्ताच पेटव!"