नव्या प्रोसेसरचं नाव

कॉम्प्युटरच्या हिशेबाने फार जुनी गोष्ट, म्हणजे मालकीणबाईंचे केस न रंगवताही काळे होते तेव्हाची. म्हातारा प्रोसेसर दमला, म्हणून बाईंनी त्याला काढून घाईघाईने नवा बसवला. पडदा काळाच राहिला.

"मावशी, उठा की!" नवा म्हणाला.

"कोण रे तू?" मदरबोर्ड म्हणाली. "मी नाही ओळखत."

शेवटी ओळख करून द्यायला म्हाताऱ्यालाच परत बसवलं. नव्याचं नाव शिकली की हा जाणार, हे मदरबोर्डला कळत होतं.

"झालं का नाव पाठ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही रे. पुन्हा सांग ना."

झालंय, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तरी त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश.

मग म्हातारा गेला, नवा बसला. आता सगळं झरझर चालतं. फक्त सुरू होताना ती जराशी थांबते.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही रे. तुझं नाव आठवत होते."