आबांचे बोळे आणि भिवरी म्हैस

फार फार पूर्वी, निरोपालाही माणसाच्या पायांनीच चालावे लागे, त्या काळची ही गोष्ट. एका दरीच्या दोन काठांवर दोन गावे होती. अलीकडचा निरोप पलीकडे न्यायचा, तर उतरण आणि चढण करण्यात अख्खा दिवस जाई.

एकदा एका मेंढपाळणीला कड्यावर एक कपार सापडली. तीत उभे राहून बोलले, की शब्द दरी ओलांडून पलीकडच्या गावभर घुमत. पलीकडेही तशीच कपार निघाली. मग रोज सकाळी दोन्ही कड्यांवर गर्दी होऊ लागली. कुणी लेकीची खुशाली विचारी, कुणी पिकांची. कुणी नुसतेच ओरडे, "आज आमच्याकडे भरीत!" आणि पलीकडून गंभीर उत्तर येई, "वा, वा!"

अलीकडच्या गावातील सर्वांत वडीलधारे गृहस्थ म्हणजे आबा. त्यांना हे मुळीच रुचले नाही.

"भरीत खायचं असतं, दरीभर पसरायचं नसतं!" ते म्हणाले. या बोलण्यात तथ्य नव्हते, असे नाही. परंतु आबा तेवढ्यावर थांबले नाहीत.

"आबा, एकदा येऊन तर बघा," मेंढपाळीण म्हणाली.

"विहीर खारी आहे हे कळायला तिच्यात उडी मारावी लागत नाही!"

"उडी नका मारू, आबा. ओंजळभर चाखा तरी."

आबांनी ते मनावर घेतले नाही. उलट सर्वांसमक्ष बजावले, "कपारीतला एकही शब्द माझ्या कानी घालायचा नाही. जो घालील, त्याचं तोंड मी पाहणार नाही!" त्या दिवसापासून सकाळी कपार बोलू लागली, की आबा कानांत कापसाचे बोळे घालीत. सायंकाळी ती शांत झाली, की काढून ठेवीत.

पुढे आबांची लाडकी भिवरी म्हैस चरायला गेली, ती परतलीच नाही. तिचे विण्याचे दिवस भरले होते. आबांच्या घशाखाली घास उतरेना. हातात कासरा आणि कानांत बोळे घेऊन ते रानोमाळ हिंडू लागले.

इकडे दरी रोज घुमत होती, "एक शिंग वाकडं, कपाळावर चांदणी! म्हैस कुणाची होऽ?"

"आमच्या आबांची!" अलीकडून लोक सांगत.

"मग आबांनाच बोलू द्या! मालकाशिवाय म्हैस देणार नाही!"

आता आली का पंचाईत! शेजाऱ्याने आबांपुढे डोक्यावर दोन बोटांची शिंगे धरून दाखवली. आबा कडाडले, "माझी म्हैस हरवली, आणि तुला नाच सुचतोय?" पारावरच्या म्हाताऱ्यांनाही सारे ठाऊक होते. आबा दिसताच ते हवापाण्याचा विषय काढीत.

अखेर एका सायंकाळी आबांच्या पत्नी गोठ्यात गेल्या आणि भिवरीच्या रिकाम्या खुंट्याशी मोठ्याने बोलू लागल्या.

"अगं, कुणाशी बोलतेस?" आबांनी विचारले.

"तुमच्याशी नाही हो. तुम्हांला सांगायची बंदी आहे ना? मी खुंट्याला सांगतेय, की भिवरी पलीकडच्या गावात आहे, आणि मालकानं कपारीत उभं राहून हाक मारल्याशिवाय ते तिला सोडायचे नाहीत."

दुसऱ्या सकाळी आबा उपरण्यात तोंड लपवून कपारीत शिरले. एकदा खाकरले. मग अगदी हळू म्हणाले, "भिवरेऽ..."

पलीकडच्या माणसांनी तोंड उघडण्यापूर्वीच भिवरीचे लांबलचक रेकणे दरीतून घुमत आले. आबांनी डोळ्यांना उपरणे लावले.

"ओळख पटली!" पलीकडून आवाज आला. "आबा, पारडी झालीय! दोघी सुखरूप आहेत. तुम्ही मात्र फार उशीर केलात. चिकाचा खरवस आम्ही खाऊन संपवला. झकास झाला होता!"

सारे गाव आबांकडे पाहत होते. आबा पुन्हा कपारीत वाकले.

"वेलची घातली होती, की जायफळ?"

"जायफळ!"

"वा, वा!" आबा म्हणाले.

तात्पर्य : नवे साधन नाकारायचेच, तर चाखून नाकारावे, न चाखता नाकारणाऱ्याचा खरवस दुसरेच खातात.